तहातला एक शब्द

लायम ओ’फ्लॅहर्टी यांची ‘द स्नायपर’ ही कथा अनेकांनी इंग्रजीच्या एखाद्या कथासंग्रहात वाचली असेल. जूनमधली लांबलेली संध्याकाळ, डब्लिन शहर, ओ’कॉनेल पुलाजवळच्या एका घराचं छप्पर. त्यावर बंदूक घेऊन लपलेला एक तरुण, आणि रस्त्यापलीकडच्या छपरावर तसाच दुसरा. पहिला दुसऱ्याला टिपतो. आपण कोणाला मारलं हे बघावं म्हणून खाली उतरतो आणि रस्त्यावर पडलेलं प्रेत उताणं करतो. तो त्याचा भाऊ असतो. कथा १९२३च्या जानेवारीत लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आली, तेव्हा ज्या युद्धातली ती आहे ते युद्ध अजून संपलेलं नव्हतं.

या कथेचा मराठी अनुवाद करायला बसले आणि पहिल्याच परिच्छेदात अडले. लढणारे दोन पक्ष आहेत, एक ‘रिपब्लिकन’ आणि दुसरा ‘फ्री स्टेटर’. पहिल्याला ‘प्रजासत्ताकवादी’ लिहिलं, दुसऱ्याला ‘स्वतंत्र राज्यवाले’. कच्चा खर्डा एका मैत्रिणीला वाचायला दिला. तिने समासात पेन्सिलीने लिहिलं : एकाला प्रजासत्ताक हवं आणि दुसऱ्याला स्वतंत्र राज्य, मग ही माणसं एकमेकांना मारतात कशाला? प्रश्न बिनतोड होता. मी तळटीप द्यायचं ठरवलं. ती तीन ओळींत बसेना, मग पानभर झाली, आणि पुढे कथेपेक्षाही लांबली. तेव्हा ती कथेखालून काढून वेगळी लिहिलेली बरी.

आयर्लंड आणि ग्रेट ब्रिटन यांचं एकत्रीकरण १ जानेवारी १८०१ रोजी अमलात आलं. डब्लिनच्या संसदेने स्वतःच्याच विसर्जनाचा कायदा मंजूर केला होता (त्यासाठी सरदारक्या आणि पैसा किती सढळ हाताने वाटला गेला, हे तेव्हाही कोणापासून लपलेलं नव्हतं). त्यानंतर आयर्लंडचे शंभर खासदार लंडनला बसू लागले. म्हणजे कागदोपत्री ही वसाहत नव्हती, दोन राज्यांचा संघ होता. भारतीय वाचकाने हा फरक ध्यानात ठेवायला हवा. आपल्याकडून इंग्रज ‘गेले’ असं आपण म्हणतो. आयर्लंडला संघातून ‘बाहेर पडायचं’ होतं, आणि एकत्र कुटुंबातून बाहेर पडणाऱ्याला वाटणीच्या वेळी बारीकसारीक हिशेब करावे लागतात. सार्वजनिक कर्जातला वाटा किती, बंदरं कोणाच्या आरमाराची, नोकरीवरून जाणाऱ्या न्यायाधीशांना आणि अधिकाऱ्यांना भरपाई कोण देणार, आणि कुंपण कुठून जाणार? १९२१च्या तहात या सगळ्यांवर कलमं आहेत.

त्या संघात असतानाच १८४५नंतरच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. पुढे अर्धशतक मागणी होती ती ‘होमरूल’ची, म्हणजे संघात राहून आपला कारभार आपण पाहण्याची. त्यासाठीची विधेयकं १८८६ आणि १८९३ साली पडली. तिसरं १९१२ साली मांडलं गेलं, १९१४ साली त्याचा कायदा झाला, आणि महायुद्धाचं कारण देऊन तो लगेच बासनात गुंडाळून ठेवला गेला. टिळकांनी १९१६च्या एप्रिलमध्ये बेळगावला जो संघ काढला त्याचं नाव याच आयरिश मागणीवरून घेतलेलं. गंमत म्हणजे त्याच एप्रिलच्या शेवटी डब्लिनमध्ये होमरूलचे दिवस भरले. ईस्टरच्या सोमवारी काही शे लोकांनी शहरातल्या मोक्याच्या इमारती ताब्यात घेतल्या आणि प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. इंग्रजांनी पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या, आणि त्याबरोबर लोकमत फिरलं. डिसेंबर १९१८च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ शिन फेन पक्षाने जिंकल्या. निवडून आलेले लोक लंडनला गेलेच नाहीत. २१ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी डब्लिनमध्येच आपली संसद भरवली, तिचं नाव डॉइल, आणि स्वातंत्र्याची घोषणा आयरिश, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांत वाचली.

भाषांतराचा घोळ इथे सुरू होतो. १९१६च्या जाहीरनाम्याच्या शिरोभागी ‘रिपब्लिक’साठी आयरिश शब्द होता ‘पोब्लाख्त’. ‘पोबल’ म्हणजे लोक, त्यावरून घडवलेला. आपल्या ‘प्रजासत्ताक’सारखाच नवा, मुद्दाम पाडलेला शब्द. १९१९च्या आयरिश घोषणेत मात्र त्याच कल्पनेसाठी ‘सेरस्टॉट’ आला. ‘सेर’ म्हणजे मोकळा, ‘स्टॉट’ म्हणजे राज्य. (‘सेर’चा आणखी एक अर्थ ‘स्वस्त’ असाही आहे. भाषा कधीकधी फार खट्याळपणा करते.) जर्मनमध्येही ‘रिपब्लिक’ला ‘फ्रायस्टाट’ हा देशी पर्याय आहे आणि बव्हेरिया आजही तो मिरवतो, तेव्हा शब्दात वावगं काही नव्हतं. आयरिश बोलणाऱ्यांच्या लेखी दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होता : राजा नसलेलं, लोकांचं राज्य. सरकारी कागदांवर ‘सेरस्टॉट एरन’ छापलं जाऊ लागलं.

अडीच वर्षांच्या गनिमी युद्धानंतर ११ जुलै १९२१ रोजी शस्त्रसंधी झाली आणि त्याच आठवड्यात एमन डी व्हॅलेरा लंडनला जाऊन पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना भेटले. डी व्हॅलेरांनी पुढे केलेल्या आयरिश कागदाच्या माथ्यावर तोच शब्द होता. लॉइड जॉर्ज वेल्श होते, घरची भाषा वेल्श, आणि वेल्श ही आयरिशची चुलत बहीण. त्यांनी विचारलं, याचा शब्दशः अर्थ काय? उत्तर मिळालं, ‘फ्री स्टेट’. मग ते आपले सचिव टॉम जोन्स यांच्याशी वेल्शमध्ये बोलू लागले. तेही वेल्शच. दोघांनी मिळून असा निष्कर्ष काढला म्हणतात, की ‘रिपब्लिक’साठी केल्टिक भाषांना अस्सल स्वतःचा शब्दच नाही, म्हणजे केल्ट लोक मुळात प्रजासत्ताकवादी नव्हतेच. हा किस्सा इतिहासकार थोड्याफार फरकाने सांगतात. पाच महिन्यांनी जो मसुदा सहीसाठी पुढे आला त्यात देशाचं नाव होतं ‘आयरिश फ्री स्टेट’.

आयरिशमधला सरकारी कागदाचा माथा त्यामुळे बदलावा लागला नाही. ‘सेरस्टॉट एरन’ होतं ते ‘सेरस्टॉट एरन’च राहिलं. बदललं ते त्याखालचं राज्य. आधीचा सेरस्टॉट म्हणजे प्रजासत्ताक. नवा सेरस्टॉट म्हणजे कॅनडाच्या दर्जाचं, साम्राज्यातलं, राजाच्या नावाने चालणारं डोमिनियन. शब्दशः भाषांतराचा इतका कसबी वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही, आणि आमच्या धंद्यातली असल्यामुळे त्याची थोडी लाजही वाटते.

मराठी वाचकाला ही चाल नवी वाटू नये. ‘स्वराज्य’ या शब्दाने आपल्याकडे हेच काम केलं. ऐकणाऱ्याला शिवकाळ आठवायचा आणि कोर्टात तोच शब्द ‘होमरूल’ म्हणून निभावून जायचा. १९१६ साली टिळकांच्या मराठी भाषणांवर खटला झाला, तेव्हा राजाविरुद्ध बोलणं वेगळं आणि नोकरशाहीविरुद्ध बोलणं वेगळं या भेदाला महत्त्व आलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा हुकूम रद्द केला. १९२०च्या नागपूर काँग्रेसने ध्येय म्हणून ‘स्वराज्य’च लिहिलं. ते साम्राज्याच्या आतलं की बाहेरचं, हे उघडं ठेवलं. शेवटी १९२९ साली लाहोरला ‘पूर्ण’ हे विशेषण जोडावं लागलं. आपल्याला ते जोडायला नऊ वर्षं मिळाली. आयर्लंडला एक रात्र मिळाली.

ती रात्र ५ डिसेंबर १९२१ची. ११ ऑक्टोबरपासून वाटाघाटी चालू होत्या. आयर्लंडकडून आर्थर ग्रिफिथ, मायकेल कॉलिन्स, रॉबर्ट बार्टन, जॉर्ज गॅव्हन डफी आणि एमन डगन हे पाच जण, आणि सचिव म्हणून अर्स्किन चिल्डर्स. हे चिल्डर्स म्हणजे ‘द रिडल ऑफ द सँड्स’ या गाजलेल्या हेरकथेचे लेखक. समोर लॉइड जॉर्ज, चर्चिल, बर्कनहेड, ऑस्टिन चेंबरलेन. डी व्हॅलेरा स्वतः डब्लिनमध्येच थांबले होते. ते का गेले नाहीत यावर आयर्लंडमध्ये शंभर वर्षं वाद चालू आहे. प्रतिनिधींच्या खिशात दोन कागद होते. एका कागदाने त्यांना सहीचे पूर्ण अधिकार दिले होते. दुसऱ्यात सूचना होती, की अंतिम मसुदा आधी डब्लिनला दाखवायचा. त्या संध्याकाळी लॉइड जॉर्ज यांनी दोन लिफाफे पुढे धरले. एकात तह झाल्याची बातमी, दुसऱ्यात वाटाघाटी मोडल्याची. यातलं कोणतं बेलफास्टला पाठवू? दुसरं गेलं तर तीन दिवसांत युद्ध. मध्यरात्र उलटून गेल्यावर, दोनच्या सुमारास, सह्या झाल्या. डब्लिनला कोणीही टेलिफोन केला नाही.

कागदाचं नावही बघण्यासारखं आहे : ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यातील तहासाठी कराराची कलमं. ज्याला ‘तह’ म्हणायचं होतं, म्हणजे दोन स्वतंत्र राष्ट्रांमध्ये होतो तो, त्याला ‘तह’ वाचता येत होतं. ज्याला नुसती ‘कराराची कलमं’ म्हणायची होती त्याचीही सोय होती.

चौथ्या कलमात शपथ होती, आणि सगळा वणवा पेटला तो तिच्यावरून. तिचा मजकूर फार काळजीने विणलेला आहे. शपथ घेणारा आधी फ्री स्टेटच्या राज्यघटनेशी निष्ठा वाहतो. मग दोन देशांचं सामाईक नागरिकत्व आणि राष्ट्रकुलाचं सदस्यत्व या नात्याने राजा पाचवा जॉर्ज आणि त्याच्या वारसांशी प्रामाणिक राहण्याचं वचन देतो. इंग्रजीत राज्यघटनेसाठी एक शब्द आहे आणि राजासाठी दुसरा, जरासा सौम्य. मराठीत आणायला गेलं तर दोन्हीकडे ‘निष्ठा’च पुढे येते. एकीकडे ‘इमान’ आणि दुसरीकडे ‘निष्ठा’ लिहून पाहिलं, पण कोणतं वजनदार हेच ठरेना. कॉलिन्स म्हणत होते, की नीट वाचा, निष्ठा आपल्या घटनेशी आहे. विरोधक म्हणत होते, की राजाचं नाव आहे ना? झालं तर मग. आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. याच डॉइलच्या सदस्यांनी १९१९ साली प्रजासत्ताकाची शपथ घेतली होती. त्यांच्यासाठी हा शब्दच्छल नव्हता. एक शपथ मोडल्याशिवाय दुसरी घेताच येत नव्हती.

१४ डिसेंबर ते ७ जानेवारी, मध्ये नाताळची सुट्टी सोडून, डॉइलमध्ये यावर चर्चा झाली. आपल्याकडे युद्धात जिंकायचं आणि तहात हरायचं अशी म्हण पडली आहे. त्या सभागृहात निम्म्या लोकांचा राग नेमका हा होता. जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याला ज्यांनी वाटाघाटीला बसवलं, त्यांनी टेबलावर येऊन राजाचं नाव पत्करलं? मेरी मॅकस्विनी अडीच तासांहून जास्त बोलल्या. त्यांचा भाऊ टेरेन्स, कॉर्क शहराचा महापौर, १९२० साली ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर वारला होता. (१९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतीन दास गेले, तेव्हा मॅकस्विनी कुटुंबाची सांत्वनाची तार भारतात आली होती.) सभागृहातल्या सहाही स्त्रियांनी तहाविरुद्ध मत दिलं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या घरचं कोणी ना कोणी गेलेलं होतं. त्यांना भावनिक ठरवून बाजूला सारणं तेव्हाच्या वर्तमानपत्रांना सोपं गेलं. मला ते पटत नाही. कोणत्या शब्दासाठी आपलं माणूस गेलं, हे त्यांना ठाऊक होतं. मसुदा लिहिणाऱ्यांना त्याच शब्दाची किंमत वेगळी वाटत होती.

कॉलिन्स यांचा युक्तिवाद असा, की हे अंतिम स्वातंत्र्य नाही, पण त्याच्यापर्यंत जाण्याचं स्वातंत्र्य आहे. मराठी वाचकाला इथे पुरंदर आठवेल. तेवीस किल्ले देऊन बारा राखलेले, आणि पाच वर्षांनी दिलेले परत घ्यायला सुरुवात. पण पुरंदरच्या तहावर कोणाला मतदान करायचं नव्हतं. डॉइलमध्ये ७ जानेवारी १९२२ रोजी मतं मोजली गेली : ६४ बाजूने, ५७ विरुद्ध. डी व्हॅलेरांनी राजीनामा दिला.

सभागृहाबाहेर काय होतं? नाताळच्या सुट्टीत सदस्य आपापल्या मतदारसंघांत गेले, तेव्हा जिल्हा मंडळांमागून जिल्हा मंडळं तहाच्या बाजूने ठराव करत होती. बिशप, वर्तमानपत्रं, व्यापारी, मोठे शेतकरी सगळे तहाकडे झुकले होते. त्यांना तहाचं प्रेम होतं असं नाही. त्यांना युद्ध नको होतं. सर्वसामान्यांचा वैताग दुहेरी होता. हाती आलेला करार आपल्या स्वप्नाएवढा नाही म्हणून, आणि आता आपलेच लोक त्यावरून हमरीतुमरीवर आलेत म्हणूनही. २४ एप्रिल १९२२ रोजी कामगार संघटनांनी एक दिवसाचा देशव्यापी संप केला. तो पगारासाठी नव्हता. दोन्ही बाजूंच्या बंदूकशाहीचा तो निषेध होता. गृहयुद्धाच्या इतिहासात या संपाला एखाददुसरी ओळ मिळते. माझ्या मते त्या वर्षातला तो सर्वांत शहाणा दिवस होता.

१६ जूनला निवडणूक झाली. खरं तर लोकांनी इथे तहावर कौल द्यायचा. पण कॉलिन्स आणि डी व्हॅलेरा यांनी आधीच समझोता करून शिन फेनच्या दोन्ही गटांची मिळून एकच यादी उभी केली होती. ज्या राज्यघटनेत तह उतरायचा होता तिचा मजकूर लोकांनी वर्तमानपत्रात वाचला तो मतदानाच्या दिवशी सकाळी. तरीही लोकांनी आपलं म्हणणं मांडायची वाट काढलीच. तहाच्या बाजूचे ५८ आले, विरोधी ३६, आणि १२८ जणांच्या सभागृहात उरलेल्या ३४ जागा मजूर पक्षाला, शेतकऱ्यांच्या पक्षाला आणि अपक्षांना गेल्या. एकट्या मजूर पक्षाचे १७ निवडून आले. शपथेत कोणता शब्द आहे यापेक्षा रोजगार आणि घरभाड्याबद्दल बोला, असं सांगणारी ही मतं होती.

बारा दिवसांनी तोफा सुरू झाल्या. तहविरोधी सैनिक एप्रिलपासून डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ या न्यायालयाच्या इमारतीत ठाण मांडून होते. २८ जूनला नव्या सरकारने इंग्रजांकडूनच उसन्या घेतलेल्या तोफांनी तिच्यावर मारा केला. ३० जूनला झालेल्या स्फोटात शेजारचं सार्वजनिक अभिलेखागार जळालं. सातशे वर्षांचे दस्तऐवज, जमिनीच्या नोंदी, मृत्युपत्रं, एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांचे कागद. जळक्या कागदांचे कपटे शहरभर उडत होते. ओ’फ्लॅहर्टींच्या कथेच्या पहिल्या ओळींत ऐकू येणारा तोफांचा आवाज याच इमारतीभोवतीचा आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. कॉलिन्स ऑगस्टमध्ये कॉर्कच्या एका गाडीरस्त्यावर मारले गेले, वय ३१. शांततेच्या वाटाघाटींतले सचिव चिल्डर्स तहाविरुद्ध गेले होते. बेकायदा पिस्तूल बाळगल्याबद्दल त्यांना नोव्हेंबरमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. ते छोटं पिस्तूल कॉलिन्स यांनीच त्यांना भेट दिलेलं होतं. आपल्या मृत्युदंडाला जबाबदार असलेल्या प्रत्येकाशी हात मिळव, असं वचन त्यांनी सोळा वर्षांच्या मुलाकडून आदल्या दिवसांत घेतलं. तो मुलगा १९७३ साली आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला. ८ डिसेंबर १९२२ रोजी रोरी ओ’कॉनर आणि इतर तिघांना खटल्याविना ठार करण्यात आलं. त्या निर्णयात सामील असलेले मंत्री केव्हिन ओ’हिगिन्स यांच्या लग्नात जेमतेम वर्षापूर्वी नवरदेवाचा पाठराखा हाच रोरी ओ’कॉनर होता. नव्या सरकारने अशा सत्तरहून जास्त आयरिश माणसांना मृत्युदंड दिला. आधीच्या युद्धात इंग्रजांनी दिलेल्या मृत्युदंडांपेक्षा हा आकडा मोठा आहे. तेव्हा छपरावरचा भाऊ हे कथेतलं रूपक वगैरे मानायची गरज नाही. ओ’फ्लॅहर्टींनी शेजारी घडत होतं ते लिहिलं.

मे १९२३मध्ये बंदुका जमिनीत पुरल्या गेल्या. शपथेचं काय झालं? १९२७ साली डी व्हॅलेरा आपल्या नव्या पक्षासह डॉइलमध्ये आले. दाराशी शपथेचं पुस्तक होतं. त्यांनी बायबल बाजूला सारलं, आपण शपथ घेत नसून निव्वळ औपचारिकता पार पाडतो आहोत असं कारकुनाला बजावलं आणि सही केली. पाच वर्षांपूर्वी हाच अर्थ लावायची मुभा घेतली असती तर? हा प्रश्न आयरिश लोकांनी त्यांना मरेपर्यंत विचारला. १९३२ साली ते सत्तेवर आले आणि १९३३ साली त्यांनी शपथ कायद्याने काढून टाकली. १९३७च्या नव्या घटनेत ‘सेरस्टॉट’ गेला. देशाचं नाव फक्त ‘एअरा’, इंग्रजीत ‘आयर्लंड’. त्या घटनेत एक कलम भाषांतरकाराला सुखावणारं आहे : आयरिश आणि इंग्रजी पाठांत विसंगती आढळली तर आयरिश पाठ प्रमाण.

शपथेवरून हे सगळं होत असताना तहाच्या बाराव्या कलमाकडे फारसं कोणी पाहिलं नाही. उत्तरेकडच्या सहा परगण्यांना बाहेर राहायची मुभा त्यात होती. ते राहिलेच, तर सीमा एका आयोगाने ठरवायची. रहिवाशांच्या इच्छेनुसार, पण आर्थिक आणि भौगोलिक परिस्थितीशी जुळेल तितपत. या ‘पण’मध्ये अख्खी फाळणी बसली. दक्षिणेतल्यांनी वाक्याचा पहिला भाग वाचला आणि गृहीत धरलं, की कॅथॉलिक बहुसंख्येचा मोठा प्रदेश आपल्याकडे येईल आणि उरलेलं उत्तर राज्य तग धरणार नाही. आयोगाचे अध्यक्ष, दक्षिण आफ्रिकेतले न्यायाधीश फीथम, यांनी दुसरा भाग वाचला. नोव्हेंबर १९२५मध्ये एका लंडनच्या दैनिकाने आयोगाचा नकाशा फोडला. सीमा जवळपास होती तिथेच, उलट पूर्व डोनेगलचा थोडा भाग उत्तरेकडे जाणार. डब्लिन हादरलं. घाईघाईने ३ डिसेंबरला करार झाला : सीमा आहे तशी राहू द्या, आणि बदल्यात फ्री स्टेटच्या डोक्यावरचा ब्रिटिश सार्वजनिक कर्जाचा वाटा माफ. आयोगाचा अहवाल १९६९पर्यंत बाहेरच आला नाही. डॉइलमधल्या त्या सगळ्या भाषणांत फाळणीवर फारच थोडी पानं आहेत. डी व्हॅलेरांनी तहाला पर्याय म्हणून जो मसुदा मांडला, त्यातही उत्तरेबद्दलची कलमं तहातलीच जवळपास जशीच्या तशी उचललेली होती. राग जिथे होता तिथे काही वर्षांत काहीच उरलं नाही. ज्याच्यावर कोणी फारसं रागावलं नव्हतं ते पक्कं झालं.

आणि मग तीच रेघ लंडनलाच जाऊन अडखळवणार होती. २३ जून २०१६ रोजी युनायटेड किंग्डमने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१. मतपत्रिकेवर बाहेर पडण्याचा पर्याय एकच होता. कोणत्या प्रकारे पडायचं ते तिच्यावर नव्हतं. प्रत्येकाने आपल्या मनातलं ‘बाहेर’ त्यात वाचलं. उत्तर आयर्लंडने तर ५५.८ टक्के मतांनी आत राहायचं म्हटलं होतं. मग वाटाघाटींत कळलं, की सुमारे ५०० किलोमीटरची ती आयरिश सीमा आता युरोपीय संघाचीही सीमा होणार. तिच्यावर पुन्हा तपासणी नाकी आणायची तर १९९८चा शांतता करार धोक्यात. त्यावर तोड म्हणून काढलेल्या ‘बॅकस्टॉप’ या तरतुदीने टेरीसा मे यांचा करार बुडवला. १५ जानेवारी २०१९ रोजी तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. विरोधात मत देणाऱ्या काहींना तो फार तुटक वाटत होता, काहींना फार चिकट. ब्रिटिश वर्तमानपत्रांत त्या हिवाळ्यात शरणागती, विश्वासघात असे शब्द रोज दिसत, आणि त्यांतले बरेचसे १९२२च्या डब्लिनच्या भिंतींवर शोभले असते. बाहेर पडण्याच्या देण्यावरूनही तशीच कुरबूर होती. १९२१च्या पाचव्या कलमात आयर्लंडने जसं कर्जाच्या वाट्यावरून नाक मुरडलं होतं, तसं आता ब्रिटन मुरडत होतं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की या वेळी कोणी कोणाला छपरावरून टिपलं नाही.

डी व्हॅलेरांच्या त्या पर्यायी मसुद्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्याला ‘दस्तऐवज क्रमांक दोन’ म्हणत, आणि तहाच्या समर्थकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. त्यातली कल्पना अशी : आयर्लंडने देशांतर्गत प्रजासत्ताक राहायचं, राजाची शपथ नाही, पण राष्ट्रकुलाशी बाहेरून जोडलेलं राहायचं आणि त्या संघटनेपुरता तिचा प्रमुख म्हणून राजाला मानायचं. लंडनने ते साफ नाकारलं. राजा एक तर असतो किंवा नसतो. पुढे १८ एप्रिल १९४९ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, आयर्लंड अधिकृतपणे प्रजासत्ताक झालं आणि राष्ट्रकुलातून बाहेर पडलं. तो कायदा केला तहाच्या समर्थकांच्या वारस पक्षाने, आणि त्यात ‘रिपब्लिक’साठी आयरिश शब्द वापरला ‘पोब्लाख्त’. त्याच महिन्याच्या अखेरीस, दहा दिवसही झाले नसतील, लंडनमध्ये राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांनी भारताबाबत एक तोडगा मान्य केला. भारत सार्वभौम प्रजासत्ताक होईल, राजाशी निष्ठा नाही, पण स्वतंत्र राष्ट्रांच्या सहकार्याचं प्रतीक आणि त्या नात्याने राष्ट्रकुलाचा प्रमुख म्हणून तो राजाला मानेल. दस्तऐवज क्रमांक दोन जवळपास शब्दशः. आपल्या घटनासभेतही त्यावर टीका झाली, राजाचं नाव कशाला म्हणून. पण ती भाषणांतच राहिली.

अनुवाद अखेर असा गेला. ‘प्रजासत्ताकवादी’ ठेवला. दुसऱ्यासाठी मधल्या एका खर्ड्यात ‘स्वराज्यवाले’ लिहिलं होतं. अर्थ नेमका बसत होता, फक्त मराठी वाचक पहिल्याच ओळीत त्यांच्या बाजूचा झाला असता. तो खोडला आणि ‘फ्री स्टेटवाले’ असंच राहू दिलं. मैत्रिणीने दुसऱ्या वाचनात त्यावर पेन्सिलीने पुन्हा प्रश्नचिन्ह केलं आहे.